गाडी कधी लागली होती का?

इंदापूर, ३ जुलै २०२४

भूषण,

जय भीम. तू फोन करू नयेस म्हणून मी पुन्हा लिहिते आहे. फोनवर मला ऐकू येत नाही, आणि तू ओरडून बोलायला लागलास की शेजाऱ्यांना वाटतं आपल्यात वाटणी चालली आहे. व्हॉट्सॲपवर तू अंगठा पाठवतोस. त्या अंगठ्यावरून मी काय समजायचं? कागदावर लिहीत जा. पस्तीस वर्षं सरकारी नर्स म्हणून डॉक्टरांचं अक्षर वाचलं, भाच्याचंही वाचीन.

तर तुझ्या त्या ऑनलाइन लिलाववाल्यांचा माणूस काल गाडी तपासून गेला. सुयोग त्याचं नाव, हडपसरहून आला. दहाची वेळ दिली होती, पाऊण वाजता उगवला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. फोटोत बरा हुशार दिसतो. एकशे चाळीस मुद्दे तपासतात असं तू मोठ्या कौतुकानं लिहिलं होतंस. टायर, काचा आणि दिवे त्यानं पाहिले, आणि बाकीचे शंभरएक मुद्दे आंब्याच्या सावलीत उभं राहून मोबाइलवर टिचक्या मारत पंचवीस मिनिटांत संपवले.

मान वर न करता प्रश्न विचारत होता. ‘गाडी कधी लागली होती का, मॅडम?’ मला तुझ्या आईची आठवण झाली. वहिनी गेली बिचारी, तिचं नाव परक्यापुढं कशाला काढा, म्हणून एवढंच म्हटलं की लागली म्हणजे काय, नेहमीच लागायची, घाटात तर दोनदा. त्यावर म्हणतो, ‘किरकोळ की मोठी?’ मी म्हटलं, एकदा मागची अख्खी सीट गेली होती, दोन दिवस धुऊन काढावी लागली. हे त्यानं टिपून घेतलं. वहिनीच्या उलट्यांशी या लोकांना काय देणंघेणं, पण म्हटलं, गाडीला वास येतो का हाही त्यांचा एखादा मुद्दा असेल.

बोनेट उघडून त्यानं मान हलवली तेव्हा मला तात्याबा आठवला. माझा ड्रायव्हर, गॅरेजवाल्याचं कमिशन खाणारा. तोही असाच बोनेट उघडून ‘बाई, गाडी कुनीतरी ठोकलीया’ म्हणाला होता. तू वेळीच त्याचं बिंग फोडलंस, नाहीतर त्यानं नसलेलं काम काढून मला लुटलं असतं. अजून एसटी स्टँडसमोर बसलेला असतो. मी तिकडं बघत नाही.

गाडीला दहा वर्षांत ओरखडा नाही. दोन लाख चाळीसच्या खाली द्यायची नाही.

तुझी आत्या

•

बारामती, ८ जुलै २०२४

आदरणीय आत्या,

सविनय जय भीम. आपलं पत्र पोहोचलं.

लिलाव काल दुपारी अर्धा तास चालला. एकूण अडतीस डीलरांनी भाग घेतला. बोली एक लाख वीसपासून सुरू होऊन दोन-दोन हजारांनी चढत गेली आणि एक लाख चौसष्टवर थांबली. तुमची अपेक्षा जास्त होती हे मला ठाऊक आहे, पण परिस्थिती पाहता हा आकडा वाईट नाही. तुमच्या मोबाइलवर होकारासाठी ओटीपी आला असेल, तो कळवावा. त्यांचा माणूस दारातून गाडी नेईल. बाहेर कुणाला दाखवायची गरज नाही.

आत्या, पुढचं लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. त्यांचा तपासणी अहवाल मी वाचला. तुम्ही सुयोगला स्वतःहून सगळं सांगून टाकलंत. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आणि पाच वर्षांत तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. साक्षीला वाचून दाखवलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं मोठं मन आपल्या घराण्यात दुसऱ्या कुणाचं नाही. त्या वेळी मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही. आता हा विषय आपण इथंच मिटवू.

आपला,
बुद्धभूषण

•

इंदापूर, १२ जुलै २०२४

भूषण,

तुझ्या पत्राचा पहिला भाग मला कळला आणि आवडला नाही. दुसरा भाग कळलाच नाही.

मोठं मन कसलं? तुझ्या आईला गाडी लागायची हे सगळ्या पाहुण्यारावळ्यांना माहीत आहे. त्यावरून मी तुला का बोलेन? आणि घाबरलास तू कशाला? पाच वर्षांपूर्वी तू पस्तिशीचा घोडा होतास, उलटी बघून घाबरायला काय झालं होतं? साक्षीला रडायला निमित्त लागत नाही हे मी तुमच्या लग्नातच पाहिलं होतं, पण तू कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक आहेस, पत्र लिहून झाल्यावर एकदा वाचून बघत जा.

तुझे अडतीस डीलर म्हणजे अडतीस भंगारवाले आहेत. एक लाख चौसष्ट. ‘परिस्थिती पाहता’ म्हणजे कसली परिस्थिती? गाडीची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे. ओटीपी आला, सहा आकडे होते, वाचले आणि पुसून टाकले.

तो अहवाल छापून पोस्टानं पाठव.

आत्या

•

बारामती, १७ जुलै २०२४

आदरणीय आत्या,

मागच्या पत्रात मी भावनेच्या भरात काहीतरी लिहून गेलो. होय, आईच्या त्रासाबद्दलच म्हणत होतो. तुम्ही तिचं सगळं निस्तरलंत, कधी बोलून दाखवलं नाहीत, असं मला म्हणायचं होतं. तो विषय सोडून द्यावा.

अहवाल सोळा पानांचा, इंग्रजीत आणि निव्वळ तांत्रिक आहे. आपल्या डोळ्यांना उगाच ताण. मी वाचला आहे, त्यात विशेष काही नाही.

शेवटची बोली लावणाऱ्या डीलरशी मी बोललो, तो एक लाख एकाहत्तरपर्यंत यायला तयार आहे. याहून जास्त कुणी देणार नाही. कृपा करून इंदापुरातल्या मेस्त्रींना गाडी दाखवत बसू नका. ती माणसं अडाणी. बोनेट उघडायचं आणि मनाला येईल ते ठोकून द्यायचं, एवढंच त्यांना येतं. तात्याबाचा अनुभव आपण घेतलाच आहे.

ओटीपी पुन्हा येईल. या वेळी तो पुसू नये ही विनंती.

बुद्धभूषण

•

इंदापूर, २२ जुलै २०२४

भूषण,

इंजेक्शनच्या बाटल्यांवर मराठीत लिहिलेलं असतं अशी तुझी समजूत दिसते. इंग्रजी मला तुझ्यापेक्षा बरं येतं. तहसील कचेरीसमोर प्रगतीचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिनं माझ्या मोबाइलवरून तुझा तो तांत्रिक अहवाल पाच मिनिटांत काढून दिला.

तिसरं पान. अपघात: होय. मालकाच्या सांगण्यानुसार अनेक वेळा. घाटात दोनदा. एकदा मागच्या सीटपर्यंत नुकसान, नंतर दुरुस्ती.

मी दुकानातच खाली बसले. प्रगतीला वाटलं माझी साखर उतरली. मग तिलाच सुयोगला फोन लावायला लावला. ती ऐकणार, मला मोठ्यानं सांगणार, मी उत्तर देणार, असं पंधरा मिनिटं चाललं आणि अर्जदारांची रांग फुकट ऐकत होती. तो म्हणतो, ‘मॅडम, आमच्या लाइनीत गाडी लागली म्हणजे ठोकली.’ म्हटलं, बाळा, माणसांच्या लाइनीत गाडी लागली म्हणजे पोटात ढवळतं. तर म्हणतो, मालकिणीनंच कबूल केलं म्हटल्यावर मी पुढं रंगाची जाडी मोजायचा मीटर लावलाच नाही. म्हणजे ज्या कामाचा याला पगार मिळतो ते यानं माझ्या एका शब्दावर सोडून दिलं. आणि त्या शब्दावर तुझे अडतीस भंगारवाले सत्तर हजार पाडून मागत होते.

तुझी मात्र मला कमाल वाटते. तू हे वाचलं होतंस. आपली आत्या असं म्हणणार नाही, काहीतरी घोळ झालाय, एवढं तुझ्या डोक्यात येऊ नये? आत्यानं गाडी घाटात दोनदा आपटली आणि कुणाला सांगितलं नाही हे तू मुकाट मान्य केलंस? पैशाचं मी सोडून देईन. पण माझ्या नावावर असं लेखी खोटं मी राहू देणार नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातच्या एका नोंदीखाली कुणाला लाल रेघ मारता आली नाही.

रविवारी सुयोग मीटर घेऊन पुन्हा येतो आहे. मी समोर उभी राहून एकशे चाळीसच्या एकशे चाळीस मुद्दे करून घेणार आहे.

आत्या

•

बारामती, २५ जुलै २०२४

आत्या,

हे स्पीड पोस्टानं पाठवतो आहे. तुमच्या पाया पडतो, पुन्हा तपासणी करू नका. जे सत्तर हजार कमी येतील ते मी माझ्या खिशातून भरतो. आजच भरतो. पण रविवारचं रद्द करा. कारण विचारू नका.

भूषण

•

इंदापूर, २९ जुलै २०२४

भूषण,

तपासणी झाली. पावणेतीन तास लागले. मी मध्ये एकदा औषध घ्यायला आत गेले तेवढीच.

बोनेट बदललेलं आहे. त्याच्याखाली डावीकडचा लोखंडी पत्रा कापून दुसरा जोडलेला आहे. सुयोगनं टॉर्च धरून मला जोड दाखवला. बोट फिरवलं तर माझ्याही हाताला लागला. पुढच्या डाव्या बाजूला रंगाचा थर बाकीच्या गाडीच्या तिप्पट आहे. गाडी २०१४ची, आणि डाव्या दिव्यावर फेब्रुवारी २०१९ असं कोरलेलं आहे. सुयोग खाली मान घालून म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही पहिल्यांदा सांगितलं तेच बरोबर होतं.’ स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल.

संध्याकाळी मी जुन्या डायऱ्या काढल्या. मार्च २०१९. सात तारखेला लिहिलं आहे, ‘भूषण गाडी घेऊन गेला, मित्राच्या लग्नाला.’ सव्वीस तारखेला लिहिलं आहे, ‘गाडी परत आली. एसीचं काम करून दिलं, पैसे घेतले नाहीत. गुणी पोरगा.’

जूनमध्ये लिहिलं आहे, ‘तात्याबाला काढलं.’

तुला आता लिहायला पुष्कळ आहे. अधीक्षकाच्या भाषेत लिहू नकोस.

ज्योत्स्ना

•

बारामती, ५ ऑगस्ट २०२४

आत्या,

चार कागद फाडले. हा पाचवा.

लग्नाहून परत येत होतो. काटेवाडीच्या अलीकडं उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती, मागं दिवा नाही, काही नाही. पण माझी चूक होती. मी मोबाइलवर लग्नाचे फोटो बघत होतो. कुणाला लागलं नाही. बारामतीतल्या गॅरेजमध्ये एकोणीस दिवस गाडी पडून होती. तुम्हाला सांगणार होतो. मग तुम्ही फोनवर म्हणालात, एसी किती गार झालाय रे, आणि मी म्हटलं हो.

जूनमध्ये तुमचा फोन आला. तात्याबा गाडी ठोकलेली आहे म्हणतोय, काय करू? माझ्या तोंडून निघून गेलं की त्याचं गॅरेजवाल्याशी साटंलोटं असणार, कमिशनसाठी सांगत असेल. एवढं एकच वाक्य मी बोललो. तुम्ही त्याला काढाल असं मला वाटलं नव्हतं. स्टँडवर चारचौघांत बोलाल असंही वाटलं नव्हतं.

ऑनलाइन लिलाव मी त्याचसाठी सुचवला. इंदापुरात कुणीही बोनेट उघडताच सांगितलं असतं. मला वाटलं पुण्याची माणसं फोटो काढतील आणि जातील. आणि पहिला अहवाल वाचला तेव्हा खरंच वाटलं की तुम्हाला सगळं माहीत आहे आणि तुम्ही मला माफ केलंय. ते दोन-तीन दिवस मला इतकं हलकं वाटलं होतं, आत्या.

तात्याबाचं काय ते मी बघतो. पंधरा हजार पाठवतो, त्याला द्या. त्याच्यासारख्याला ही रक्कम लहान नाही. काही सांगत बसायची गरज नाही, सणाचे म्हणून द्या. पाच वर्षांनी ते उकरून कुणाचं भलं होणार?

भूषण

•

इंदापूर, २० सप्टेंबर २०२४

भूषण,

दीड महिना तुला उत्तर दिलं नाही. मधली तुझी तीन पत्रं मी फोडलेली नाहीत. साक्षीनं आणून दिलेलं पंधरा हजारांचं पाकीट तिच्याच हाती परत पाठवलं हे तिनं सांगितलं असेल. ‘त्याच्यासारख्याला’ हा शब्द तू लिहिलास तेव्हा तुझा हात अडखळला नाही, अक्षर सरळ आहे.

तुझं ते पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एसटी स्टँडसमोर गेले. तात्याबाला मी जिथं कमिशनखाऊ म्हटलं होतं तिथंच. कान गेल्यापासून माझा आवाज मला आवरत नाही, त्या दिवशी तो उपयोगी पडला. जीपवाले होते, पानवाला होता, पेरू विकणाऱ्या बायका होत्या. मी सांगितलं की गाडी ठोकलेलीच होती, माझ्या भाच्यानं ठोकली होती, तात्याबा खरं बोलला आणि मी त्याला खोटं पाडलं. तुझं नाव घेतलं, कॉलेजचं घेतलं नाही. पानवाल्यानं रेडिओचं बटण बंद केलं.

तात्याबा बाकावरून उठला नाही. जवळ येऊन माझ्या कानाशी बोलला असता तर बरं झालं असतं, पण त्यानं बसूनच सांगितलं आणि पेरूवालीनं मला ओरडून ऐकवलं. ‘बरं केलंत बाई, चार मानसांत सांगितलं. पर तवा बोनेट उघडंच व्हतं. तुमी दोन पावलं म्होरं येऊन बगितलं आस्तं तर दिसलं आस्तं. तुमी बगितलं न्हाय. तुमी फोन लावला.’

खरं आहे. मी फोन लावला. पाच वर्षं ज्यानं मला रात्री-अपरात्री बाळंतपणांना नेलं त्याच्यावर विश्वास नव्हता, आणि वर्षातून दोनदा गाडी मागायला येणाऱ्या भाच्यावर होता. माझी नोकरी नवी होती तेव्हा एका आडगावच्या दवाखान्यात कपाटातली औषधं कमी भरली होती. साहेबांनी सगळ्यांत आधी माझी पिशवी उघडायला लावली. माझीच का, ते तुला सांगायला नको. त्या माणसाचा मी जन्मभर तिरस्कार केला, आणि मी स्वतः त्याच्यापेक्षा कणभर बरी निघाले नाही. तुझी मला कीव येते, भूषण. लाज माझीच वाटते. तू निदान भ्यालेला होतास. मला कुणाची भीती होती?

मी त्याला म्हटलं, उद्यापासून कामावर ये. तो म्हणाला, ‘लायसनच न्हाय, बाई. एकवीस सालीच संपलं. कमिशनवाला म्हून कुनी बसवंना मला गाडीवर, मग कशाला करायचं म्हनलं नवं.’ पाच वर्षं तो मार्केट यार्डात पोती उचलत होता. मला वाटायचं, बसून खातो.

परवाना संपून इतकी वर्षं झाली की पुन्हा पहिल्यापासून. गाडी मी लिलावातून काढून घेतली आणि त्याला शिकाऊ परवाना काढायला लावला. बत्तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस अठरा वर्षांच्या पोरांबरोबर संगणकासमोर बसला. पहिल्यांदा नापास झाला, माऊस हातात धरता येईना. दुसऱ्यांदा पास झाला. आता पुढच्या काचेवर लाल रंगात शिकाऊ लिहिलेलं लावून तो गाडी फिरवतो आणि स्टँडवरची माणसं बघत राहतात. तो कुणाकडं बघत नाही.

मंगळवारी, चोवीस तारखेला, बारामतीच्या आरटीओत त्याची पक्क्या परवान्याची टेस्ट आहे. इंदापूरपासून गाडी तोच चालवणार. शिकाऊ माणसाच्या शेजारी परवानावाला माणूस बसवावा लागतो. शेजारचा राजवर्धन हौसेनं तयार झाला होता, पण तात्याबानं त्याला नको म्हटलं. मला म्हणाला, ‘भूषणराव बसत्याल तर जातो, न्हायतर न्हाय जात. काटेवाडीवरनंच रस्ता हाय. मी गाडी कशी चालवतो ते त्यास्नी जवळनं बगू द्या.’

सकाळी सातला निघायचं आहे. मी मागं बसेन. तुझी जागा पुढं, त्याच्या शेजारी.

आत्या